खोडलेला आकडा

वसतिगृह,
७ फेब्रुवारी

मामा,

फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. तब्येत उत्तम आहे आणि मी कुणाच्या प्रेमातबिमात पडलेले नाही. फोन केला असता तर मामीने तो स्पीकरवर टाकला असता. मामीने ऐकलं म्हणजे चहा उकळायच्या आत आईने ऐकलं. म्हणून हा कागद.

मी भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात नापास झाले.

प्रयोग तुझ्याच धंद्यातला होता, दुकानांच्या झगमगत्या बोर्डांत तू लावतोस त्या एलईडी दिव्यांचा. एलईडीला अगदी कमी व्होल्ट दिले तर तो पेटत नाही. हळूहळू वाढवत गेलं की एका ठिकाणी पहिल्यांदा मिणमिणतो. तेवढे व्होल्ट टिपायचे. मग ते व्होल्ट आणि त्या रंगाची तरंगलांबी, म्हणजे प्रकाशाच्या एका लाटेची लांबी, यांवरून प्लँकचा स्थिरांक काढायचा. पुस्तकात त्याची किंमत दशांश चिन्हानंतर तेहतीस शून्यं आणि मग ६६ अशी दिली आहे. माझा आकडा इतका भलताच आला की शून्यांची एक अख्खी पलटण गैरहजर. वेळ संपत आलेली. मी तो आकडा खोडला आणि वर पुस्तकातला लिहिला.

सरांनी कागद उजेडात धरला. म्हणाले, "हा आकडा आला, की आणला?"

मी पिशवी उचलली. त्यांनी शून्य लिहिलं आणि मी बाहेर पडले.

एप्रिलमध्ये पुन्हा परीक्षा आहे. मी बसणार नाही. आपल्याला हे जमत नाही, हे कळायला मला तीन वर्षं लागली एवढंच. तुझ्या कारखान्यात बोर्डांची डिझाइनं करायला किंवा बिलं लिहायला मला घेशील का? आईला सांगू नकोस. तिला मी निकाल लांबला म्हणून सांगितलंय.

तुझी ठमी

---

कारखाना, मागची खोली,
१२ फेब्रुवारी

ठमाबाई,

"आला की आणला" हे मला फार आवडलं. तुझे सर आमच्या धंद्यात हवे होते. माल देणारा माणूस दारात आला की मीही नेमका हाच प्रश्न विचारतो, फक्त इतक्या सभ्य शब्दांत नाही.

तुझी आई काल इथे होती. "ठमीचा निकाल का गं लांबला असेल," असं मामीला विचारत होती. मामी म्हणाली, "पेपर तपासणारे आजारी असतील." मी म्हणालो, "सगळे?" मामीने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी लगेच एका तपासनिसाला कावीळ करून टाकली. आता ती सांभाळायची जबाबदारी तुझी. तुझ्या आईने पथ्यसुद्धा सुचवलंय.

आता नोकरीचं. नोकरी देतो. पण या कारखान्यात सरळ कुणी घुसत नाही, माझा सख्खा मेहुणा सुद्धा घुसला नाही. नवा माणूस आला की आम्ही त्याच्यापुढे एक बंद पडलेला बोर्ड ठेवतो आणि सांगतो, बिघाड शोध. दुरुस्त नाही केला तरी चालेल. कुठे बिघडलाय ते बोट ठेवून दाखवायचं. शिडीवर चढून अक्षरं चिकटवायचो तेव्हापासून मी माणसं अशीच निवडत आलोय. पदव्या कुणाच्या खऱ्या, कुणाच्या खोट्या ते मला समजत नाही, पण बिघाडापुढे माणूस कसा बसतो ते समजतं.

तुझा बंद बोर्ड म्हणजे हा प्रयोग. इथे एलईडी पोत्याने पडलेत, मीटर आहेत, व्होल्ट कमीजास्त करायची पेटी आहे. मी प्रयोग करतो, तू तिथून बिघाड सांग. सूत्र पाठव. आणि परीक्षेला बसायचं नसेल तर बसू नकोस बाई, माझा काय आग्रह?

मामा

---

वसतिगृह,
१७ फेब्रुवारी

मामा,

तुझा डाव मला कळत नाही असं समजू नकोस. तू मला गोडीगोडीने परीक्षेला नेऊन बसवणार. मी बसणार नाही. पण नोकरीची चाचणी म्हणतोस म्हणून पाठवते.

तुमच्या त्या पट्ट्या घेऊ नकोस, त्यांत तीन-तीन एलईडी ओळीने जोडलेले असतात. सुटा एलईडी घे. त्याच्या अलीकडे एक रेझिस्टर लाव, नाहीतर जळेल. खोलीत काळोख कर. काळ्या कागदाची नळी करून तिच्यातून बघ आणि पहिला मिणमिणाट दिसला की एलईडीच्या दोन तारांमधले व्होल्ट मोज. असं लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी कर.

मग: इलेक्ट्रॉनचा विद्युतभार गुणिले व्होल्ट गुणिले तरंगलांबी, भागिले प्रकाशाचा वेग. भार आणि वेगाचे आकडे मागच्या बाजूला लिहिलेत. सगळं मीटरमध्ये घे, सेंटिमीटर-फूट आणू नकोस. तिन्ही रंगांसाठी उत्तर जवळपास एकच यायला हवं, म्हणून तर त्याला स्थिरांक म्हणतात.

काविळीबद्दल आभार. आईने मला पण फोन करून पथ्य सांगितलं.

ठमी

---

कारखाना,
२५ फेब्रुवारी

ठमाबाई,

प्रयोग केला. आयुष्यभर दिवे डोळ्यांत खुपतील इतके लख्ख पेटवले, दिवा कधी पेटतो हे बघायला प्रथमच बसलो. काळोखी खोली कारखान्यात नाही. म्हणून टीव्हीचं रिकामं खोकं डोक्यावर घेतलं, आत एलईडी टांगला, वरून मामीची काळी शाल. मामी जेवायला बोलवायला आली ती दारातच थबकली. "काय चाललंय?" मी आतून म्हणालो, "थांब, आत्ता उगवतोय." त्यावर ती गेली आणि घरी तिने तुझ्या आईला फोन करून माझं वय विचारलं म्हणे.

गिऱ्हाईकही एक येऊन गेलं. खोक्याशी बराच वेळ भाव केला त्याने. खोक्यात असल्यामुळे माझा चेहरा दिसला नाही आणि सौदा माझ्या बाजूने झाला. हे मी पुढेही वापरणार आहे.

लाल पेटला १.९ व्होल्टला, निळा २.६ ला, हिरवा राहिला. तरंगलांबी शोधायला लागलीच नाही, पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापली आहे: पाच मिलिमीटर. तुझ्या सांगण्याप्रमाणे तिचे मीटर केले, तिथे चूक नाही. उत्तर लालचं आलं दशांश चिन्हानंतर एकोणतीस शून्यं आणि मग ५०७. निळ्याचं तेवढ्याच शून्यांपुढे ६९३. पुस्तकापेक्षा हजारो पटींनी मोठं, वर दोन रंगांचं एकमेकांशी पटत नाही.

शोध बिघाड.

मामा

---

वसतिगृह,
२ मार्च

मामा! मामा!

मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतली मुलगी औषध घेऊन आली.

अरे, पाच मिलिमीटर ही त्या एलईडीच्या डोक्याची जाडी! बोर्डाच्या पत्र्याला केवढं भोक पाडायचं ते कळावं म्हणून छापतात. तूच मला लहानपणी ती भोकं पाडायला बसवायचास. प्रकाशाची लाट पाच मिलिमीटरची असती तर लाल रंग चिमटीत पकडता आला असता.

लाल प्रकाशाची लाट ६३० नॅनोमीटरच्या आसपास असते. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर मावतात. म्हणजे तू लाट जवळजवळ आठ हजार पट लांब धरलीस, म्हणून उत्तर फुगलं. आणि दोन्ही रंगांना एकच लांबी दिलीस, म्हणून त्यांचं पटेना. निळ्याची लाट आखूड आणि व्होल्ट जास्त, लालची लाट लांब आणि व्होल्ट कमी. गुणाकार करताना दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. त्यातच तर सगळी गंमत आहे!

खऱ्या तरंगलांब्या माल बनवणाऱ्यांच्या पत्रकात असतात. बिलासोबत येतं ते, जे तू टेबल डुगडुगू नये म्हणून त्याच्या पायाखाली घालतोस. नॅनोमीटरचे मीटर करताना नऊ घरं डावीकडे, विसरू नकोस.

बिघाड सापडला. पहिला पगार कधी?

ठमी

---

कारखाना,
१० मार्च

ठमाबाई,

पगाराचं बघू. बोर्ड अजून पेटलेला नाही.

पत्रक टेबलाखालून काढलं. तेव्हापासून टेबल डुगडुगतंय आणि या पत्रातली अक्षरं त्यामुळेच अशी. लाल ६३०, हिरवा ५२५, निळा ४७०. व्होल्ट पुन्हा नीट घेतले: १.९, २.३, २.६.

उत्तर आलं. तिन्हींमध्ये दशांश चिन्हानंतर चौदा शून्यं. मग लालचे ३९९, हिरव्याचे ४०३, निळ्याचे ४०७. म्हणजे चारच्या आसपास. पुस्तकात तर तेहतीस शून्यं. एकोणीस शून्यं कुठे सांडली, मला सापडत नाहीत. मामीला केर काढताना बघायला सांगितलंय.

मामा

---

वसतिगृह,
१४ मार्च

मामा,

हे बरं नाही केलंस.

चौदा शून्यं आणि पुढे चार, हाच माझा आकडा. परीक्षेत आलेला, मी खोडलेला. तो मी कुणाला सांगितलेला नाही. तुला नाही, आईला नाही, खोलीतल्या मुलीलाही नाही. तो दोघांनाच माहीत आहे, मला आणि सरांना. म्हणजे तू सरांना गाठलंस. दोघांनी मिळून माझी चूक समोर ठेवली आणि मी हसत हसत पगार मागत बसले.

खोकं, शाल, गिऱ्हाईक, सगळं रचलेलं. बिघाड शोधायचा असेल तर दुसरा कुणी शोधून घे.

भाची

---

कारखाना,
१९ मार्च

ठमे,

"भाची" अशी सही बघून पत्र दोनदा उलटून पाहिलं, दुसऱ्याच कुणाचं तर आलं नाही ना. मग अक्षर ओळखलं.

तुझ्या सरांना मी ओळखत नाही. त्यांचं नाव, गाव, टक्कल आहे की केस, काही माहीत नाही. मला लोकांचं बोलणं कान देऊन ऐकायची खोड आहे, ते खरं. पण दुसऱ्या शहरातलं ऐकू येईल इतके माझे कान लांब नाहीत. मामीचं मत वेगळं आहे.

तो आकडा माझा मीच काढला. कसा, तेही सांगतो, हसायचं असेल तर हस. तू मागच्या बाजूला लिहिलेला तो इलेक्ट्रॉनचा भार, १.६ आणि पुढे काय काय, तो मी घेतलाच नाही. म्हटलं आमच्या मीटरवर सरळ व्होल्ट येतात, आपण इलेक्ट्रॉन काही सुटे विकत नाही. व्होल्टला लांबीने गुणलं, प्रकाशाच्या वेगाने भागलं, मोकळा झालो. आधीच्या खेपेला घेतला होता, या वेळी कंटाळा केला. हा माझा गाढवपणा, त्यात कटबिट नाही.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मी आजवर पुष्कळ खोटं बोलणारी माणसं पाहिली. तिघांना वेगवेगळं बसवून विचारलं तर तिघांचं खोटं तीन तऱ्हेचं निघतं. हे तीन दिवे वेगळ्या रंगाचे, वेगळ्या पोत्यांतले, त्यांची आपसांत ओळख नाही. तरी तिघेही "चार" म्हणतात. पाच मिलिमीटरच्या वेळी तसं नव्हतं, तेव्हा दोघांचं भांडण होतं. आणि आता तू सांगतेस की तिकडे तुझ्या प्रयोगशाळेतले दिवेही "चार"च म्हणाले होते.

ठमे, हा चार खोटा वाटत नाही मला. तो कसला चार आहे, ते मला कळत नाही. तुला कळेल.

रागावली असलीस तरी उत्तर दे. टेबल अजून डुगडुगतंय.

मामा

---

वसतिगृह,
२६ मार्च

मामा,

आधी कान पकडते. तुझे नाही, माझे.

तुझं पत्र वाचलं आणि चमचा ताटात तसाच टाकून उठले. १.६ ने गुणून बघितलं. चार पूर्णांक एक गुणिले एक पूर्णांक सहा म्हणजे साडेसहाच्या वर! आणि दशांश चिन्ह एकोणीस घरं सरकवायचं. तुझी सांडलेली एकोणीस शून्यं तिथे होती. मामीला केर काढू दे निवांत.

मीही परीक्षेत घाईने तेच केलं होतं. भार घ्यायचा राहिला होता. पण नुसतं राहिलं एवढंच नाही, मामा. इलेक्ट्रॉन एक व्होल्ट चढला की त्याला जी ऊर्जा मिळते तिला इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणतात. ते ऊर्जेचं एककच आहे, जूलसारखं, फक्त फारच चिमुकलं. त्या एककात प्लँकचा स्थिरांक चौदा शून्यांपुढे ४१ असाच आहे. पुस्तकातला ६६ जूलमधला. कापड एकच, एकाने मीटरने मोजलं, दुसऱ्याने वितीने. माझा आकडा बरोबर होता, आणि मी बरोबर आकडा खोडून दुसऱ्याचा लिहिला!

कागद घेऊन तशीच सरांकडे गेले. त्यांना टक्कल आहे, तुझ्या माहितीसाठी. भांडायच्या तयारीनेच गेले होते. म्हटलं, "सर, माझा खोडलेला आकडा बरोबर होता."

सर म्हणाले, "हो. मला दिसला होता तो खाली."

"दिसला होता? मग शून्य का दिलंत?"

"त्याला दिलं नाही. त्याच्यापुढे इलेक्ट्रॉनव्होल्ट-सेकंद लिहिलं असतंस तर पूर्ण गुण. नसतं लिहिलंस तरी निम्मे दिले असते. पण तू त्याच्यावर काट मारून मोकळी झालीस. जो तू उत्तर म्हणून दिलास तो तुझा नव्हता. मी तपासू काय, छापखाना?"

मी म्हटलं, "तेव्हाच सांगायचं ना मला!"

"तेव्हाच विचारायचं ना तू! मी चष्मा पुसून वर बघेपर्यंत तू जिना उतरलेली होतीस."

खुर्ची दिली त्यांनी, तर बसले. मग तुझ्या खोक्याची गोष्ट सांगितली. ते टेबलावर डोकं ठेवून हसले. शाल लोकरीची होती की सुती, असं विचारलंय त्यांनी. लोकरीतून उजेड झिरपतो म्हणे.

परीक्षेला बसतेय. तुझा डाव यशस्वी झाला असं म्हणू नकोस, माझं मी ठरवलंय. आईलाही फोन करून सगळं सांगून टाकलं.

तुझी ठमी

---

कारखाना,
२ एप्रिल

ठमाबाई,

कसला डाव? मी कधी काही म्हटलं होतं का?

तुझी आई आली होती. आल्या आल्या म्हणाली, "तुला सगळं माहीत होतं ना?" मी खोक्यात शिरायला बघत होतो, पण खोकं मामीच्या बाजूला. मग दोघींनी माझी रीतसर उलटतपासणी घेतली. कावीळ झालेल्या तपासनिसाबद्दल तुझी आई सगळ्यांत जास्त चिडली. "त्या माणसासाठी मी मनातून चिंता केली," म्हणाली. जाताना मात्र दारात थांबून मला हळूच म्हणाली, "पोरगी आवाजावरून बरी वाटली रे." बहीण माझी आहे. एवढं बोलली म्हणजे डोळे पुसायला घरी जाणार हे मी ओळखलं.

आता कारखान्याच्या नियमाप्रमाणे: तू बिघाडावर बोट ठेवलंस, एकदा नव्हे दोनदा, त्यातला दुसरा स्वतःचा. असा उमेदवार मला आजवर मिळालेला नाही. नोकरी तुझी. परीक्षेत नापास झालीस तर कायमची ये, पास झालीस तर सुट्टीत ये. दोन्हींकडून माझा फायदा आहे, त्यामुळे मी शुभेच्छा नेमक्या कशाला देऊ ते कळत नाही.

शाल लोकरीची होती. सुती घेतली आहे.

मामा

---

वसतिगृह,
२४ एप्रिल

मामा,

झाली परीक्षा. आणि चिठ्ठीत नेमका तोच प्रयोग निघाला. बाहेरचे परीक्षक होते, आपले सर नुसते मागे उभे.

मला हिरवा एलईडी मिळाला. माझ्या टेबलाशेजारची खिडकी नीट लागत नव्हती, उजेड आत येत होता. नळीतून बघूनही मिणमिणाट उशिरा दिसला, तोवर व्होल्ट २.५५ झालेले. गणित केलं. या वेळी भार घेतला, घरं मोजली, एकक लिहिलं. उत्तर आलं तेहतीस शून्यं आणि पुढे ७१.

एकाहत्तर, मामा. सहासष्ट नाही.

शेजारच्या मुलाच्या कागदावर ६६३ होते, दिसत होते मला. त्याच्याकडे तीच खिडकी, तसाच एलईडी. माझ्या हातात पेन. पाच मिनिटं शिल्लक. तुला खरं सांगते, काट मारायला हात सरसावलाच होता.

नाही मारली. खाली एक ओळ लिहिली: खिडकीतून उजेड येत असल्याने पहिला प्रकाश उशिरा दिसला, त्यामुळे व्होल्ट जास्त आले व उत्तरही जास्त आले.

परीक्षकांनी कागद बघितला. "खरी किंमत किती असते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर. पण ती पुस्तकात आली. माझ्याकडे ही आली."

त्यांनी मागे वळून आपल्या सरांकडे बघितलं. सर खिडकीची कडी लागते का ते बघत होते, एकदम मन लावून. परीक्षकांनी सही केली. नंतर शेजारच्या मुलाला विचारलं, "तुझा एलईडी खिडकीला घाबरत नाही वाटतं?" पुढचं मला ऐकवलं नाही, मी बाहेर आले.

पास झाले. चांगल्या गुणांनी. सुट्टीत येतेय.

तुझी ठमी

---

कारखाना,
३० एप्रिल

ठमाबाई,

तुझं पत्र मी कारखान्यात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "माझ्याकडे ही आली" इथे वेल्डरने टाळी दिली. त्याला प्रयोगातलं काही कळलं नाही, पण माणूस आपल्या मालाच्या मागे उभा राहिला की त्याला बरोबर कळतं. तुझी आई आता येईल त्याला ७१ सांगते आणि समोरच्याने "शंभरपैकी?" असं विचारलं की चहा टाकायला उठते.

तू लवकर ये, कारण इथे परिस्थिती हाताबाहेर गेली आहे. परवा मामी म्हणाली, बघू तरी आत काय आहे एवढं, आणि तिने खोकं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. निळा एलईडी मला २.६ ला दिसतो. तिला २.५ लाच दिसला. मी म्हणालो, शक्य नाही. ती म्हणाली, तुला चष्मा लागलाय. पुन्हा केलं, पुन्हा तेच. गणित मांडलं, तर माझं उत्तर ६५ आणि तिचं ६३. कालपासून एकाच घरात दोन स्थिरांक नांदताहेत, आणि आपला आकडा खोडायला दोघांपैकी कुणीही तयार नाही.

मामा